सगळ्यांच्या होड्या सारख्या

डब्लिनजवळ डन लिअरीला शिडाच्या होड्यांच्या क्लबात नाव घातलं. श्रीमंतांचा खेळ, आपला निभाव लागेल का, ही धाकधूक होतीच. एके काळी ते खरंही होतं. नवी, महागडी होडी बांधणाऱ्याचं पारडं जड असायचं. १८८७ साली इथल्याच थॉमस मिडलटन यांनी तोड काढली: होड्या सगळ्यांच्या एकसारख्या नि स्वस्त, मग जिंकेल तो कसबावर! तोच 'वॉटर वॅग' क्लब. १९०० मध्ये मेमी डॉयल या बाईंनी होडीचा नवा आराखडा काढला. त्या घडणीच्या होड्या या बंदरात अजून शर्यती करतात. मला नोकरी, गाडी कुणी विचारली नाही. विचारलं एवढंच, "वारा कुठून येतोय?" आपल्याकडे किती ठिकाणी असं होतं, सांगा बरं!