डोंगराहून जुना देव

क्षेत्र महाबळेश्वरात विष्णू पाणी होऊन वाहतो. ब्रह्मदेवाच्या यज्ञात सावित्रीने शाप दिला, विष्णूची कृष्णा झाली आणि शंकराची वेण्णा, अशी पंचगंगेची कथा. तिथल्याच एखाद्या देवघरात मात्र तो दगड होऊन बसलेला असतो: काळा, गुळगुळीत शाळिग्राम, कार्तिकात तुळशीशी ज्याचं लग्न लागतं तो.

हा दगड इथला नव्हे. महाबळेश्वर, आंबेनळी, पोलादपूर ही घाटवाटेवरची नावं भूवैज्ञानिकांनी लाव्ह्याच्या थरांनाही दिली आहेत, आणि ते थर वरून खाली याच क्रमाने रचलेले आहेत. माथ्यावरचा जांभाही त्याच लाव्ह्याचा झिजून झालेला. अशा खडकात समुद्रातला जीव कुठून सापडणार?

शाळिग्राम येतो नेपाळातून. मुस्तांगकडच्या काळ्या शेलमधून काली गंडकी त्याला सोडवून आणते. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिस समुद्र होता आणि त्यात माकुळाचे दूरचे भाऊबंद, अमोनाइट, राहत. शंख गुंडाळलेला, आत पडदे घालून केलेले कप्पे. जीव शेवटच्या कप्प्यात, बाकीच्यांत वायू, म्हणजे बुडायची भीती नाही. मेलेल्याचा शंख चिखलात रुतला, भोवती खनिजं साकळून गोटा झाला. पुढे भारताची भूमी आशियाला भिडली आणि समुद्राच्या तळाचा हिमालय झाला.

गोटा फुटला की वेटोळं दिसतं. आपण त्याला विष्णूचं चक्र म्हटलं, आणि ते वज्रकीट नावाच्या किड्याने कोरलं असं सांगितलं. किडा काल्पनिक, पण ही नक्षी जिवाचं काम आहे हा अंदाज मला फार आवडतो. रोमनांना त्यात आमोन देवाची मेंढ्याची शिंगं दिसली; अमोनाइट हे नाव तिथलं. गंमत म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यातही, बागच्या चुनखडीत, अमोनाइट आहेत. पंचायतनात तिच्याकडून घेतला तो मात्र शंकराचा बाण.

६.६ कोटी वर्षांपूर्वी अमोनाइटांचं कुळ बुडालं. मेक्सिकोत उल्का पडली ती तेव्हाच, आणि दख्खनचा लाव्हाही त्याच सुमारास वाहत होता. २०१९ साली दोन गटांनी या थरांची वयं मोजली. एक म्हणतो, एक मोठा उद्रेक उल्केच्या काही दशसहस्र वर्षं आधी झाला. दुसरा म्हणतो, लाव्ह्याचा तीन चतुर्थांश भाग नंतरचा. दुसऱ्याचं खरं ठरलं, तर महाबळेश्वरचा डोंगर बहुतांशी निर्दोष.