सागरी तेलविहिरींची किनाऱ्यावरील पूर्वतयारी

मध्य रेल्वेच्या दिवा जंक्शनपासून फुटणारा फाटा पनवेलमार्गे पेण, नागोठणे व रोह्याकडे जातो. याच टापूत, पनवेल तालुक्यातील न्हावा येथे, तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा पुरवठा तळ उभा राहिला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, हे पाठ्यपुस्तकांतही येते. मात्र त्या विहिरींत उतरणारे पोलादी नळ किनाऱ्यावर कसे सिद्ध होत, याची दखल क्वचितच घेतली गेली.

खोदलेले विवर ढासळू नये म्हणून त्यात जे नळ उतरवून त्यांच्या व खडकाच्या मधल्या पोकळीत सिमेंट भरतात, त्यांना ‘केसिंग’ म्हणतात. विहीर खोल जाईल तसा त्यांचा व्यास घटतो आणि २०, १३ ३/८, ९ ५/८, ७ इंच अशी उतरंड तयार होते. ज्या अरुंद नळातून तेल वर येते ते ‘ट्युबिंग’. त्याला सिमेंटात जखडत नाहीत, म्हणून ते पुढे बदलता येते.

जमिनीवरील विहिरीजवळ नळ पसरून तपासण्यास जागा असते. समुद्रात डेक तोकडा, रिगचे भाडे दिवसाच्या हिशेबाने, आणि फुटाला ४७ पौंड भरणारा ९ ५/८ इंची नळ बारा मीटर लांबीचा असला तर एकट्याचेच वजन सुमारे ८४० किलो. त्यामुळे शक्य तेवढे काम धक्क्यालगतच्या यार्डातच उरकणे भाग पडले. तेथे नळ लाकडी ओंडक्यांवर मांडून टोकांची संरक्षक टोपणे काढतात, आट्यांतील जुने ग्रीस धुऊन काढतात आणि आटा कुठे चेचला वा गंजला आहे का ते पाहतात. नंतर ‘ड्रिफ्ट’ नावाचा ठरावीक मापाचा दंडगोल आरपार सरकवतात. ट्युबिंगसाठी तो ४२ इंच लांब असतो, कारण आखूड दंडगोल किंचित वाकलेल्या नळातूनही निसटून जाईल. सर्वांत जबाबदारीचे काम लांबी मोजण्याचे: जोडणीत दडणारा आट्यांचा भाग वजा करून प्रत्येक नळाची लांबी नोंदवतात व त्यावर रंगाने क्रमांक घालतात, कारण खाली गेलेल्या नळमालिकेची खोली याच बेरजेवरून कळते. शंभर नळांत प्रत्येकी दोन सेंटिमीटर चुकले तर दोन मीटरांचा फरक पडतो, आणि तेलाचा थर काही वेळा त्याहून फारसा जाड नसतो.

पुढे नागोठण्याजवळ सुकेळी येथे महाराष्ट्र सीमलेसच्या कारखान्यात बिनजोड नळ तयार होऊ लागल्याने आयातीवरील भिस्त काहीशी कमी झाली. तपासणीचा क्रम मात्र तसाच राहिला. नळ गरजेपेक्षा थोडे अधिकच पाठवले जातात, आणि उरलेले पुरवठा जहाजातून परत आले की खाऱ्या वाऱ्याने धरलेला गंज पाहण्यासाठी त्यांची टोपणे पुन्हा उघडली जातात.