वाटाड्याचं नाव

गलवान हा शब्द महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला तो २०२० च्या जूनमध्ये. १५ जूनच्या रात्री लडाखमधल्या त्या नदीखोऱ्यात चिनी सैनिकांशी झटापट झाली आणि आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्याआधी १९६२ च्या युद्धातही हे नाव गाजलं होतं. दोन्ही वेळा आपण ते ऐकलं ते सरहद्दीचं नाव म्हणून. मुळात ते एका माणसाचं आडनाव आहे. काही वर्तमानपत्रांनी तेव्हा तशी चौकट छापली होती, पण अशा चौकटी दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात.

तर मित्रहो, त्या माणसाविषयी बोलायचं आहे. गुलाम रसूल गलवान. लेहचा राहणारा. जन्म १८७८ च्या सुमाराचा, मृत्यू १९२५ चा. धंदा काय, तर डोंगरात जाणाऱ्या परक्या लोकांना वाट दाखवणं, त्यांचे घोडे सांभाळणं, त्यांचे तंबू ठोकणं. आपण ज्याला आज ट्रेकिंग गाइड म्हणतो, तोच. फरक एवढाच, की आजचा गाइड आठ दिवसांनी घरी येतो. रसूल एकदा निघाला की वर्ष वर्ष यायचा नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्याच्या एका गटाबरोबर लडाखला गेलो. मारखा खोऱ्याचा ट्रेक. गटात बहुतेक सगळे तिशीच्या आतले, मी एकटाच पन्नाशी ओलांडलेला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा ‘चाचा’ झालो. सह्याद्रीत पुष्कळ हिंडलो आहे, पण लेह साडेतीन हजार मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे लेहच्या निम्म्याहून कमी. विमानातून उतरल्यावर पहिले दोन-तीन दिवस काही करायचं नाही, नुसतं शरीराला विरळ हवेची सवय होऊ द्यायची. सहलीच्या पत्रकात ह्या सक्तीच्या विश्रांतीला ‘सांस्कृतिक स्थलदर्शन’ असं गोंडस नाव दिलेलं होतं. पण मला विचाराल तर सगळ्या सहलीतले तेच दिवस मोलाचे होते.

लेहच्या बाजारात उभं राहिलं की वर डोंगराच्या कडेला नऊ मजली राजवाडा दिसतो. सेंगे नामग्याल राजानं सतराव्या शतकात बांधलेला. त्याच्या पायथ्याशी, बाजाराच्या वरच्या टोकाला जामा मशीद. ती १६६६-६७ ची, मुघलांशी झालेल्या तहातून उभी राहिलेली. बौद्ध राजानं औरंगजेबाच्या काळात मशीद बांधू दिली ती राजकारणापोटी, पण पुढची पावणेतीनशे वर्षं तिथे नमाजाला येणाऱ्यांत राजकारणी कमी आणि व्यापारीच जास्त असणार. काश्मिरी, यारकंदी, बाल्टी. मी तिथे दुपारची नमाज पढलो. मुसाफिराला सूट असते, चार रकातींच्या जागी दोन. त्या मशिदीत ही सूट किती जणांनी घेतली असेल, हा विचार मनातून जाईना. कारण लेह म्हणजे मुसाफिरांचंच गाव होतं.

एकोणिसाव्या शतकात ह्या बाजारात खाली पंजाबातून होशियारपूरचे व्यापारी यायचे आणि वरून काराकोरम ओलांडून यारकंदचे. फारच थोडे काफिले टोकापासून टोकापर्यंत जात. बहुतेकांची गाठ लेहमध्ये पडायची, माल इथे बदलायचा आणि ज्याचा तो परत. खालून सुती कापड, नीळ, मसाले. वरून रेशीम, गालिचे, नमदे आणि भरपूर चरस. चरसाचा हा व्यापार तेव्हा उघड होता, त्यावर सरकार जकात घ्यायचं. १८७० मध्ये इंग्रजांनी काश्मीरच्या महाराजांशी करार करून ह्या रस्त्यावर आपला एक अधिकारी लेहला बसवला. वाट मात्र कराराला जुमानणारी नव्हती. खारदुंग ला, सासेर ला आणि मग साडेपाच हजार मीटरवरची काराकोरम खिंड. वाटेवर मेलेल्या घोड्यांची हाडं पडलेली असत आणि नवख्या माणसाला तीच वाटेची खूण व्हायची. त्या रस्त्यावरच्या एका मुक्कामाचं नावच दौलत बेग ओल्डी. तुर्कीत त्याचा अर्थ, दौलत बेग मेला ती जागा. आज तिथे आपल्या सैन्याची धावपट्टी आहे.

ह्या व्यापारानं लेहमध्ये एक जमात घडवली. यारकंदी किंवा काश्मिरी बाप आणि लडाखी आई, अशा घरांतली मुलं. त्यांना अर्गोन म्हणत. दोन्ही बाजूंच्या भाषा घरातच शिकलेली, घोड्यांची जाण असलेली, दोन्ही धर्मांचे रीतिरिवाज ओळखणारी ही माणसं काफिल्यांना हवीच असत. मग साहेबलोक आले, मोजणी करायला, शिकारीला, रशियावर नजर ठेवायला. त्यांनाही हीच माणसं लागली.

भूगोलाच्या पुस्तकांत साहेबांची नावं राहिली. वाटाड्यांची तळटिपेत गेली, पुष्कळांची तिथेही नाहीत. मोहम्मद-इ-हमीद नावाचा एक मुनशी होता. इंग्रज अधिकाऱ्यांना यारकंदला जाणं धोक्याचं होतं, म्हणून १८६३ मध्ये मोजणी खात्याच्या माँटगोमेरी साहेबानं त्याला शिकवून, व्यापाऱ्याच्या वेषात, उपकरणं लपवून पाठवलं. तो यारकंदला पोचला, तिथे हिवाळा काढला, ताऱ्यांच्या नोंदी घेतल्या आणि परतीच्या वाटेवर, लेह काही दिवसांवर असताना वारला. नोंदी तेवढ्या हाती लागल्या. यारकंद नकाशावर नेमकं कुठे, हे त्यांतून ठरलं. दुसरा मुहम्मद इसा. लेहचाच. स्वीडनच्या स्वेन हेडिनचा कारवान-बाशी, म्हणजे काफिल्याचा म्होरक्या. १९०७ मध्ये तो तिबेटातल्या साका-जोंगला वारला आणि तिथेच पुरला गेला. हेडिननं त्याच्याविषयी जिव्हाळ्यानं लिहिलं आहे, हे खरं. पण लिहिलं हेडिननं. इसानं हेडिनविषयी काय लिहिलं असतं, ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

गुलाम रसूल गलवान वेगळा ठरतो तो इथे. त्यानं लिहिलं.

गलवान हे त्याच्या घराण्याचं नाव. काश्मीरमध्ये गलवान म्हणजे घोडे राखणारे लोक, आणि त्यातले पुष्कळ जण घोडे पळवणारेही. रसूलच्या घरातली आख्यायिका अशी, की त्याचा एक पूर्वज कारा गलवान, म्हणजे काळा गलवान, श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटायचा. शेवटी डोगरा राजवटीनं त्याला फासावर दिलं आणि घराणं पळून लडाखकडे आलं. अशी गोष्ट आपल्याकडच्या उमाजी नाईकांच्या, तंट्या भिल्लाच्या ओळीत सहज बसावी. रसूल ती लाजून सांगत नाही.

घरची गरिबी, आईची ओढाताण आणि साहेबांबरोबर मुलूख पाहायची हौस, ह्यातून कोवळ्या वयातच तो बाहेर पडला. फ्रान्सिस यंगहजबंडबरोबर गेला, १८९२ मध्ये डनमोरच्या मोहिमेत होता. लेहमध्ये सांगतात, की अशाच एका मोहिमेत समोर उभे कडे आणि खाली नदी, अशी कोंडी झाली. परत फिरायचीही सोय नव्हती. तेव्हा ह्या पोरानं खालून वाट शोधून काढली आणि साहेबानं खूश होऊन त्या नदीला त्याचं नाव दिलं. हे डनमोरच्या वेळी घडलं की १८९९ च्या दुसऱ्या एका मोहिमेत, ह्यावर सांगणाऱ्यांत एकमत नाही. पण नाव पडलं आणि टिकलं. शिखरांना, हिमनद्यांना मोजणी खात्याच्या अधिकाऱ्यांची नावं द्यायचा तो काळ. त्यात एका घोडेवाल्या पोराचं नाव नदीला मिळावं, हे नवलच.

रसूल पुढे लेहमध्ये अक्सकाल झाला. तुर्कीत अक्सकाल म्हणजे पांढऱ्या दाढीचा, पुढारी. इंग्रज अधिकाऱ्याचा तो मुख्य मदतनीस. एकेकाळी ज्या बाजारात काम मागत फिरला, तिथे व्यापाऱ्यांचे तंटे आता त्याच्यापुढे यायचे.

पुस्तक निघालं १९२३ मध्ये, केंब्रिजहून. नाव ‘सर्व्हंट ऑफ साहिब्ज’. साहेबांचा नोकर. बॅरेट नावाच्या अमेरिकन प्रवाशाबरोबर तो हिंडला होता, त्यांनी त्याला आपली हकीगत लिहायला लावलं. अडचण ही, की रसूलला लडाखी, तुर्की, उर्दू, काश्मिरी येत होत्या, थोडी तिबेटीही. इंग्रजी मात्र आरंभी जेमतेम डझनभर शब्द. त्या भांडवलावर त्यानं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता भाषा कमावली. संपादन केलं कॅथरीन बॅरेटबाईंनी. त्यांचा मोठेपणा हा, की त्यांनी रसूलचं इंग्रजी इस्त्री करून टाकलं नाही. क्रियापदं वाटेल तिथे बसलेली, काळ एकमेकांत मिसळलेले. शाळामास्तर लाल पेन्सिल घेऊन बसले तर पान लाल होईल. पण माणूस बोलतो आहे असं वाटतं. मुखपृष्ठावर जोडनाव आहे, मोठ्यानं वाचण्यासाठी पुस्तक. आज मी रेडिओवर हे बोलतो आहे, तेव्हा ह्या जोडनावाचं मला जरा जास्तच अगत्य वाटतं.

शीर्षकातला ‘नोकर’ मला खटकतो. पण आत शिरलं की कळतं, नोकर मालकाला बारकाईनं न्याहाळतो आहे. कोणता साहेब तापट, कोणता दिलदार, कोणाला आपल्या माणसांच्या पोटाची काळजी, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. साहेबांची प्रवासवर्णनं वाचून मग हे वाचावं. तोच बर्फ, तीच खिंड, पण वजन कोणाच्या पाठीवर आहे ते इथे कळतं.

मी तीस-पस्तीस वर्षं मराठीत कविता लिहितो आहे. आजही एखाद्या कार्यक्रमानंतर कोणीतरी कौतुकानं विचारतं, ‘तुमचं मराठी इतकं छान कसं हो?’ विचारणाऱ्याच्या मनात वावगं काही नसतं. आमच्या घरी दख्खनी बोलत आणि गल्लीत मराठी, कोणती कुठे संपते हे मला कधी कळलं नाही. रसूल वाचताना वाटलं, भाषा कोणाची हे विचारत बसण्यापेक्षा तिच्यात सांगण्याजोगं काही आहे का, हे तो आधी पाहत होता.

१९४९ च्या सुमारास यारकंदची वाट बंद झाली. पलीकडे चीनमध्ये राज्य बदललं, इकडे लडाख सरहद्दीचा मुलूख झाला. काफिले थांबले. १९७४ मध्ये सरकारनं लडाख पर्यटकांना खुलं केलं आणि घोड्यांच्या पाठीवर पुन्हा परक्यांचं सामान चढलं. रसूलच्या मूळ वाटेवर, गलवानकडे, २०२३ मध्ये तुम्हा-आम्हाला अर्थातच जाता येत नव्हतं. आपल्या वाट्याला यायची ती आतली खोरी. मारखा त्यातलंच एक.

चिलिंगपासून चाललो. चिलिंग हे तांब्या-पितळेचं काम करणाऱ्यांचं गाव. शे इथली बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे आपण वंशज, असं ते सांगतात. पुढे स्क्यू, मारखा, हांकर. वाटेत मणी-दगडांच्या लांबच लांब भिंती लागतात, त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. आमचा वाटाड्या पंचविशीचा, हिवाळ्यात जम्मूला कॉलेजात शिकणारा. एकदा गटातला एक जण उलट बाजूनं जवळच्या वाटेनं निघाला, तर तो काही बोलला नाही. नुसता थांबला. तो जण परत वळून आला तेव्हाच हा पुढे निघाला. चहाला जागोजाग जुन्या पॅराशूटच्या कापडाचे तंबू. आत लडाखी बायका, मिठाचा लोण्याचा चहा, खंबीरची जाड रोटी. आता मोटाररस्ता खोऱ्यात शिरला आहे, त्यामुळे पायी चालायचे दिवस कमी होत चालले. गाववाल्यांना रस्ता हवाच होता, आजारी माणूस घोड्यावरून खाली न्यायचं दुःख त्यांना ठाऊक. वाटाड्यांना पुढची चिंता.

शेवटचा मुक्काम निमालिंगला. पावणेपाच हजार मीटरच्या आसपासचं विस्तीर्ण कुरण, समोर कांग यात्सेचं बर्फ. दुसऱ्या दिवशी कोंगमारू खिंड चढून हेमिसकडे उतरायचं होतं. रसूलच्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. रात्री स्वयंपाकाच्या तंबूत, स्टोव्हच्या उबेला, मी त्यातली काही पानं हिंदीत करून वाचायला लागलो. ऐकायला वाटाड्या, स्वयंपाकी आणि दोन घोडेवाले. त्यातल्या म्हाताऱ्याला सगळे ‘मेमे’ म्हणत, लडाखीत मेमे म्हणजे आजोबा. वाटाड्या मध्ये मध्ये त्यांना लडाखीत समजावून सांगायचा. गलवान हे नाव सगळ्यांना माहीत होतं. त्यानं पुस्तक लिहिलंय हे स्वयंपाक्यानं कुठेतरी ऐकलं होतं, पण वाचलेलं कोणीच नव्हतं. साहेब रागावतो त्या जागी ते मोठ्यानं हसले. आमच्या गटातली दोन मुलंही येऊन बसली.

वाचून थांबलो तेव्हा वाटाड्यानं विचारलं, ‘सरजी, त्याला पैसे वेळेवर मिळायचे का?’

मेमे बराच वेळ गप्प होता. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि वाटाड्यानं मला सांगितलं, ‘ते विचारतात, त्याचे घोडे सगळे परत आले का?’

सगळे नाही आले, मी म्हटलं. त्या वाटेवर कोणाचेच सगळे परत येत नसत. मेमेनं मान हलवली, टोपी कानावर ओढली आणि आपले घोडे बघायला बाहेर गेला.