ब्लॅक मेसाच्या पाण्याची हमी कोणाची?

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात ब्लॅक मेसा नावाचे विस्तीर्ण पठार आहे. पठारावर नवाहो मेंढपाळांची विखुरलेली घरे, दक्षिण कडेला होपी लोकांची शेकडो वर्षे जुनी गावे. पाऊस जेमतेम. दोन्ही जमातींची सारी भिस्त झऱ्यांवर आणि खालच्या वालुकाश्मात साठलेल्या गोड्या पाण्यावर. याच पठारातल्या कोळशासाठी पीबॉडी कंपनीने 1964 आणि 1966 साली जमातींकडून भाडेपट्टे मिळवले. होपींचे वकील जॉन बॉयडन त्याच काळात पीबॉडीचेही काम करत होते, हे कित्येक वर्षांनी जुन्या कागदपत्रांतून उघडकीस आले.

पठारावर दोन खाणी सुरू झाल्या. केयेंटा खाणीचा कोळसा लांबलचक पट्ट्यावरून पठाराखाली उतरे आणि विजेवर चालणाऱ्या खास रेल्वेने सुमारे 125 किलोमीटरवरच्या नवाहो जनरेटिंग स्टेशनमध्ये पोचे. तिथली वीज कोलोरॅडो नदीचे पाणी फिनिक्स आणि टूसॉनपर्यंत चढवणारे पंप चालवी. दुसऱ्या, म्हणजे ब्लॅक मेसा खाणीला रेल्वे नव्हती. तिचा कोळसा बारीक दळून जवळपास तेवढ्याच पाण्यात कालवत आणि तो काळा रबडा सुमारे 440 किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या मोहावे वीजकेंद्राकडे ढकलत. त्यासाठी खोल विहिरींतून वर्षाला एक अब्ज गॅलनहून अधिक पाणी उपसले जाई. ते पिण्याजोगे भूजल होते.

नवाहोंच्या मुलखात सुमारे 30 टक्के घरांत आजही नळ नाही. लोक पिकअप गाडीवर टाकी किंवा पिंपे लादून सार्वजनिक नळावर जातात, पाणी भरतात आणि कच्च्या रस्त्याने घरी आणतात. पठारावरची कुटुंबे तर कंपनीच्याच विहिरींवर बसवलेल्या नळांवर पाणी भरत आली.

खाणी सुरू झाल्या तेव्हा खणलेली जमीन पूर्ववत करण्याची सक्ती करणारा देशव्यापी कायदा नव्हता. तसे विधेयक संसदेने मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ते दोनदा नाकारले. अखेर 3 ऑगस्ट 1977 रोजी जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. या कायद्याचा कणा म्हणजे हमी. खोदकामाआधी कंपनीने बॉण्ड द्यायचा. तिने काम अर्धवट टाकले, तर त्या पैशांतून सरकारने जमीन सुधारून घ्यायची. हमी टप्प्याटप्प्याने सुटते. खड्डे बुजवून उतार घडवला की 60 टक्क्यांपर्यंत, रोपे रुजली की आणखी काही, आणि उरलेली शेवटी. कोरड्या प्रदेशात पेरणीनंतर किमान दहा वर्षे जबाबदारी कंपनीवरच राहते. भारतातही अशीच तजवीज म्हणून कोळसा खाण बंद करण्याच्या खर्चाचे राखीव (एस्क्रो) खाते 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी आले. चंद्रपूर आणि वणी परिसरातल्या खाणींनाही ते लागू आहे.

अमेरिकेच्या कायद्यात एक पळवाट राहिली. भक्कम ताळेबंद असलेल्या कंपनीला बाहेरचा जामीन न देता स्वतःच्या शब्दावर हमी देता येई. अनेक राज्यांत पीबॉडीच्या अशा स्वयंहमीची रक्कम एक अब्ज डॉलरवर गेली होती, आणि एप्रिल 2016 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्षभराने ती सावरली आणि स्वयंहमीच्या जागी विमा कंपन्यांचे बॉण्ड आले. पण कोळसा बुडाला की कंपनी बुडते आणि तिच्याबरोबर हमीही, हा धोका तोवर साऱ्या देशाला दिसला होता.

मोहावे केंद्र 2005 च्या अखेरीस थांबले आणि ब्लॅक मेसा खाणही थांबली. दोन्ही खाणींना एकत्र करणारा परवाना 2008 मध्ये निघाला. पर्यावरणीय अभ्यास अपुरा ठरवून प्रशासकीय न्यायाधीशाने तो जानेवारी 2010 मध्ये रद्द केला. केयेंटाचा शेवटचा कोळसा ऑगस्ट 2019 मध्ये गेला. शेकडो रोजगार गेले आणि दोन्ही जमातींच्या तिजोरीत मोठे भगदाड पडले.

खरे भांडण त्यानंतर पेटले. हमीची रक्कम ठरवताना माती हलवणे, उतार घडवणे, बी पेरणे यांचा खर्च मोजता येतो. आटलेल्या झऱ्याचा दर कसा ठरवणार? जलसंतुलन सांभाळा असे कायदा सांगतो, पण नुकसान कशाला म्हणायचे याचे निकष संघराज्याचे खाण नियंत्रण कार्यालय ठरवते, आणि भूजलाची मोठी हानी झालेली नाही, अशीच त्याची भूमिका राहिली. अमेरिकेचे भूसर्वेक्षण खाते 1971 पासून इथल्या विहिरी आणि झरे मोजते आहे. 2005 नंतर काही विहिरींची पातळी वर आल्याचे त्या नोंदींत दिसते. लोक मात्र आटलेल्या झऱ्यांकडे बोट दाखवतात. गावांचा उपसाही वाढला आहे, त्यामुळे दोष कुणाचा किती, हा वाद आणखी किचकट होतो.

‘तो निझोनी आनी’ ही नवाहोंची स्थानिक संघटना मागणी करते आहे की, खाण बंद होणे हा परवान्यातला मोठा बदल मानून सगळी योजना लोकांसमोर पुन्हा तपासावी. ही मागणी रास्त आहे. हमी सोडण्याच्या प्रत्येक अर्जावर हरकत घेण्याचा आणि चर्चा मागण्याचा हक्क याच कायद्याने नागरिकांना दिला आहे. अखेरचा बॉण्ड सुटण्याआधी झऱ्यांच्या आणि विहिरींच्या पन्नास वर्षांच्या नोंदी नवाहो आणि होपी भाषांत, पठारावरच्याच बैठकीत मांडल्या गेल्या पाहिजेत. कारण बॉण्ड एकदा सुटला की पाण्याबद्दल कंपनीला जाब विचारण्याचे सर्वांत मोठे साधन हातचे जाते.