महासाथीतील नियमित लसीकरण

महासाथीतील नियमित लसीकरण : एखाद्या रोगाची साथ जगभर पसरली की बालकांना ठरावीक वयात द्यायच्या इतर रोगांच्या लसी मागे पडतात. लस न मिळालेली मुले साठत जातात आणि मूळ साथ ओसरल्यावर गोवर, घटसर्प, डांग्या खोकला यांसारख्या टाळता येण्याजोग्या रोगांना वाट मोकळी होते. कोव्हिड-१९ च्या काळात (२०२०–२२) मुंबईने याचा कडू अनुभव घेतला. ही नोंद मुख्यतः त्या अनुभवावर आधारलेली आहे.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. त्याचे वेळापत्रक घरोघरच्या बायकांना पाठ असते : जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस; मग दीड महिन्याचा, अडीच महिन्यांचा आणि साडेतीन महिन्यांचा डोस; नवव्या महिन्यात गोवर-रुबेला; दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. बाळ-बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये ही रीत जिथे पाळली जाते, तिथे तो संपतो न संपतो तोच पहिली मोठी फेरी येते. २०२० च्या मार्चनंतर जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत सव्वा महिना संपला तरी उंबरठा ओलांडायची सोय राहिली नाही.

वेळापत्रक मोडले की सर्वांचे सारखे मोडत नाही, हे समजून घ्यायला गोराईचा भूगोल उपयोगी पडतो. गोराई हे नाव मुंबईत दोन ठिकाणांना लागते. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला, म्हाडाची गोराई वसाहत आहे. पलीकडे धारावी बेटावर मूळचे गोराई गाव आहे; तिथे कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी वस्ती आहे. (हे बेट म्हणजे माहीमजवळची धारावी नव्हे.) दोन्ही भाग महापालिकेच्या एकाच आर मध्य विभागात मोडतात. पण गावातून बोरिवलीला यायचे तर एक तर होडीने खाडी ओलांडायची, नाहीतर उत्तन-भाईंदरवरून लांबचा वळसा घ्यायचा. तो वळसा दुसऱ्या महापालिकेच्या आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीतून जातो. टाळेबंदीच्या सुरुवातीच्या महिन्यांत घराबाहेर पडायला कारण दाखवावे लागे आणि जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास. अशा दिवसांत तान्हे बाळ कुशीत घेऊन धक्क्यावर जाण्यापेक्षा ‘डोस पुढच्या महिन्यात घेऊ’ असे कुणा आईने ठरवले, तर तिला बोल लावता येत नाही. वसाहतीतल्या आईपुढे खाडी नव्हती, पण रुग्णालयाच्या दारात कोव्हिड गाठेल ही भीती तिलाही तितकीच होती.

सेवा कुठे तुटली, हे नीट पाहायला हवे. प्रसूतिगृहात जन्माच्या वेळी द्यायच्या लसी टाळेबंदीतही चालूच ठेवायच्या होत्या. प्रतिबंधित क्षेत्रांत आणि त्यांच्या लगतच्या पट्ट्यात मात्र लसीकरणाची सत्रे थांबवायची, असे केंद्राच्या २०२० च्या सूचना सांगत. मुंबईच्या दाट वस्त्या या ना त्या टप्प्यावर प्रतिबंधित झाल्याच. ज्या परिचारिका, आरोग्यसेविका आणि आशा सेविका एरवी ‘तुमच्या बाळाचा डोस राहिलाय’ म्हणून दार वाजवत, त्यांना ताप मोजणे, बाधितांच्या संपर्कातली माणसे शोधणे आणि ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’चे सर्वेक्षण ही कामे लागली. पुढे १६ जानेवारी २०२१ पासून कोव्हिडच्या लसी टोचायचे कामही त्याच हातांवर आले. त्यामुळे १७ जानेवारीला ठरलेला पल्स पोलिओचा रविवार ३१ जानेवारीवर गेला. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. चूक अक्षम्य होतीच; पण वर्षभर सॅनिटायझर हाताशी ठेवून राबणाऱ्या यंत्रणेचा शीण त्या चुकीच्या शेजारी ठेवून पाहिला पाहिजे.

स्थलांतराने आणखी गुंता केला. कुणी बाळंतपणाला माहेरी गेलेली तिथेच अडकली, कुणाचे सगळे बिऱ्हाडच गावी परतले. नोंद एका आरोग्य केंद्राच्या यादीत, बाळ दुसऱ्याच जिल्ह्यात, आणि डोसाचे कार्ड कुठल्या पिशवीत राहिले ते कुणाला आठवेना.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा तिसरा डोस मिळालेल्या बालकांचे जगातले प्रमाण २०१९ मध्ये ८६ टक्के होते, ते २०२१ मध्ये ८१ टक्क्यांवर आले. सुमारे तीस वर्षांतली ही सर्वांत मोठी सलग घसरण होती. भारतात या लसीचा एकही डोस न मिळालेली बालके २०१९ मध्ये १४ लाखांच्या आसपास होती. २०२० मध्ये ती ३० लाखांवर गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा ११ लाखांपर्यंत खाली आली. टक्केवारी सावरली म्हणून चुकलेली मुले आपोआप सावरत नाहीत. नव्या वर्षाच्या आकड्यात नवी बाळे मोजली जातात. आधीच्या वर्षी राहून गेलेल्याला मुद्दाम शोधावे लागते.

याचा पहिला फटका गोवराच्या रूपाने बसतो. गोवराचा एक रुग्ण, प्रतिकारशक्ती नसलेल्या समूहात, १२ ते १८ जणांना लागण करू शकतो. साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. मुखपट्टी आणि टाळेबंदी होती तोवर गोवरालाही फिरायला वाव नव्हता, त्यामुळे धोका दिसला नाही. निर्बंध उठले आणि ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराने मुले दगावू लागली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवरासाठी खाटा राखाव्या लागल्या. भिवंडी आणि मालेगावातही उद्रेक झाले. पुण्यात जगाला पुरेल इतकी गोवराची लस तयार होते, आणि तिथून काही तासांच्या वाटेवर मुले त्याच लसीविना गेली. ही गोष्ट महाराष्ट्राने विसरता कामा नये.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने उद्रेकाच्या भागांत ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस देण्याची सूचना केली. जिथे नऊ महिन्यांखालच्या बालकांत रुग्ण जास्त होते, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक डोस द्यायचा होता. तो नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नव्हता. राज्याने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. १५ ते २५ डिसेंबर आणि १५ ते २५ जानेवारी अशा दोन फेऱ्यांत राहिलेल्या मुलांचा शोध घेण्यात आला.

मुंबईबाहेर पाहिले तर काँगोचे उदाहरण जास्त भीषण आहे. तिथे २०१८–२० मध्ये इबोलाने सुमारे २,३०० माणसे गेली. त्याच सुमारास गोवराने ६,००० हून अधिक. जगाचे लक्ष इबोलाकडे होते.

लसीकरण सत्रातली एक लहान अडचण इथे नोंदवायला हवी. गोवर-रुबेलाची लस भुकटीच्या रूपात येते. ती द्रावणात विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. आणि एका कुपीत अनेक बाळांचे डोस असतात. महासाथीत सत्राला एखादेच बाळ यायचे. अशा वेळी कुपी फोडताना हात अडखळतो, आणि ‘पुढच्या बुधवारी या’ असे सांगावेसे वाटते. खाडीपलीकडून आलेल्या बाळाला असे परत पाठवणे म्हणजे त्याचा डोस बुडवणे. एका बाळासाठीही कुपी फोडलीच पाहिजे.

चुकलेला डोस उशिरा देता येतो आणि मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, ही माहिती पालकांपर्यंत फार कमी पोचते. सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंत, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत आणि घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची लस सात वर्षांपर्यंत देता येते. टाळेबंदीत जन्मलेली मुले २०२५ मध्ये पाच वर्षांची झाली. त्यांच्यापैकी ज्यांच्या कार्डावर गोवराचा रकाना कोरा राहिला, त्यांची या कार्यक्रमातली गोवराच्या लसीची मुदत संपली आहे. त्यांच्या पालकांना आता बालरोगतज्ज्ञाकडेच विचारावे लागेल.