गलाईचा धूर आणि दवाखान्याची वाट

दुष्काळ पडला की माणसे बाहेर पाठवायची, ही माणदेशाची रीत आपण 1876-78 च्या दुष्काळाच्याही मागे नेऊ शकतो. पण विसाव्या शतकात दहिवडी-म्हसवडपासून आटपाडी-विट्यापर्यंतच्या पोरांनी जी वाट धरली, ती निराळी होती. कुणी मामाच्या मागे गेला, कुणी चुलत्याच्या, आणि देशभरच्या सराफ पेठांत गलाईच्या दुकानांत बसला. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात चांदी-तांबे विरघळवून सोने वेगळे काढायचे. 1972 च्या दुष्काळानंतर तर ही वाट रुळूनच गेली.

तेजाब धातूला भिडले की तांबूस धूर उठतो. घशाला झोंबतो, पण त्याचा खरा घाव काही तासांनी, कधी रात्री झोपेत कळतो. फुप्फुसांत पाणी साचू लागते. अशा रोग्याला रुग्णालयात नजरेखाली ठेवावे लागते. त्यासाठी डॉक्टरला धंदा ठाऊक हवा. रोग्याला त्याचे काम विचारावे, हे इटलीतल्या रामाझ्झिनीने 1700 साली कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात सांगून ठेवले होते. तमिळ किंवा मल्याळम मुलखात नुकत्याच उतरलेल्या पोराला मात्र खोकला दाखवता येतो, तेजाबाचे सांगता येत नाही. तेव्हा मामाच दुभाषी होतो, बिलही तोच भरतो.

कायद्याला हा धूर अनोळखी नव्हता. 1948 च्या कारखाना कायद्याने नायट्रस धुराची विषबाधा सरकारला कळवण्याच्या रोगांत घातली. पण तो कायदा वीज असेल तर 10 आणि नसेल तर 20 कामगारांपासून पुढे लागू होता. त्याच वर्षीचा कर्मचारी राज्य विमा कायदा 1952 मध्ये कानपूर-दिल्लीत अमलात आला, तोही कारखान्यांसाठीच. दोन-तीन माणसांची गलाई दोन्हींच्या बाहेर राहिली. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मोफत औषधोपचाराची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, तीही किमान 5 कामगार असतील तर. इथे ठेकेदार कुठला? इथे मामा! 2018 च्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार परराज्यातही खुले केले, ही फार मोठी गोष्ट. पण दाखल झाल्यावरच, रोजच्या खोकल्याला नव्हे.

2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत मात्र मला आशेची जागा दिसते. केंद्राने जाहीर केलेल्या धोकादायक कामात एकच कामगार असला, तरी त्याला राज्य विम्याचे छत्र मिळू शकते. त्या कामांत गलाईचे नाव आले पाहिजे, आणि त्यासाठी विट्या-म्हसवडच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत बोलले पाहिजे.