नेरे (ता. मुळशी) : लोकवस्ती, अर्थव्यवहार आणि पूरधोका

नेरे : पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव. ते तालुक्याच्या ईशान्य टोकाला, हिंजवडीच्या वायव्येस असून मारुंजी, जांबे आणि कासारसाई ही आसपासची गावे. गावाचे नाव दत्तवाडीला जोडून ‘नेरे-दत्तवाडी’ असेही घेतले जाते. भोर आणि पनवेल तालुक्यांतही नेरे नावाची गावे आहेत. तालुक्याचे ठाणे पौड येथे आहे.

मुळशीचे भूरूप पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत येते. ताम्हिणी घाटात महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसांपैकी एक पाऊस पडतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने कमी होत जातो. नेरे या उताराच्या पायथ्याशी, मुळा आणि पवना या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. दोन्ही नद्या पुढे दापोडीजवळ एकत्र येतात. मुळेवरील मुळशी धरण टाटांनी १९२० च्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधले. त्यात जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. या धरणाचे पाणी घाट ओलांडून कोकणात भिरा येथे सोडले जाते. त्यामुळे एरवी मुळेच्या खालच्या पात्रात धरणातून फारसे पाणी येत नाही. धरण भरल्यावर सांडव्यावरून विसर्ग सुरू झाला की नदीचे रूप काही तासांत पालटते. नेऱ्याच्या अधिक जवळचे कासारसाई धरण मात्र लहान आहे. त्याची साठवण सुमारे अर्धा टीएमसी असून त्याचा विसर्ग पवनेकडे जातो.

भात हे या पट्ट्याचे जुने पीक. मुळशी-मावळातील आंबेमोहोर पूर्वीपासून नावाजलेला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेल्या इंद्रायणी वाणाने पुढे बरीच खाचरे व्यापली. पाण्याची सोय झालेल्या जमिनींत ऊस आला आणि कासारसाई-दारुंब्रे येथील श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना मुळशी-मावळातल्या ऊसकऱ्यांचे केंद्र बनला. जोडीला दुभती जनावरे आणि पुणे-पिंपरीच्या बाजारासाठी भाजीपाला. तालुक्याच्या डोंगराळ भागात कातकरी, महादेव कोळी आणि धनगर यांच्या वाड्या आहेत. पूर्व भागातील वस्तीचा तोंडवळा मात्र गेल्या पंचवीस वर्षांत पुरता बदलला.

या बदलाचे कारण हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान. औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी-माण परिसरात ते टप्प्याटप्प्याने उभारले आणि तेथील रोजगार लाखांच्या घरात गेला. घरांची मागणी आधी वाकड-हिंजवडीत आणि नंतर मारुंजी, जांबे, नेरे अशी पसरत गेली. मारुंजी-जांबे भागात लाईफ रिपब्लिकसारखी विस्तीर्ण नगरवसाहत उभी राहिली. जमीन विकून आलेल्या पैशातून भाड्याच्या खोल्या, हार्डवेअरची दुकाने, जेसीबी, पाण्याचे टँकर असे धंदे निघाले. पूरनियोजनाच्या दृष्टीने येथील वस्तीचे तीन थर वेगळे धरावे लागतात : पाणी कुठून येते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेले गावकरी, सदनिकांत राहणारे नोकरदार, ज्यांचा गावाशी संबंध बहुधा रस्त्यापुरता, आणि बांधकामांवरचे मजूर. तिसरा थर सर्वांत धोक्यात असतो. पत्र्याची तात्पुरती वसाहत बहुतेकदा प्रकल्पाच्या उरलेल्या कोपऱ्यात, म्हणजे सखल जागी किंवा ओढ्याच्या काठी असते, आणि तिथल्या माणसांची नोंद गावाच्या मतदारयादीत नसते.

राज्याचा जलसंपदा विभाग नद्यांना दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची तांबडी. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. नेऱ्यासारख्या गावाला ही रीत अपुरी पडते, कारण येथे खरी भीती ओढ्यांची आहे. बांध घातलेले भातखाचर पावसाचे पाणी वीतभर उंचीपर्यंत धरून ठेवते आणि सावकाश खाली सोडते. त्याच खाचरावर मुरमाचा भराव पडून काँक्रीट झाले की तेच पाणी एकदम रस्त्यावर येते. ओढा वळवलेला किंवा पाइपांत कोंडलेला असतो. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी राडारोडा आणि प्लॅस्टिक अडकते, आणि तासाभराच्या जोरदार सरीत रस्ता बंद होतो. त्यामुळे नुकसानीचे मोजमाप केवळ बुडालेल्या घरांवरून होत नाही. तळघरातील वीजपंप आणि रोहित्रे निकामी होणे, दूध-भाजीची वाहतूक तुटणे, कामगारांचा दिवसाचा खाडा हेही त्यात येते.

२५ जुलै २०२४ रोजी सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि पुणे परिसरातील नदीकाठच्या अनेक वसाहतींत पाणी शिरले. हा वरून आलेला पूर होता. जून २०२५ मध्ये हिंजवडीतील रस्ते पाण्याखाली गेले ते स्थानिक पावसाने. त्यानंतर परिसरातील ओढे-नाल्यांवरच्या अडथळ्यांकडे प्रशासनाचे लक्ष गेले. नेऱ्याचे साम्य या दुसऱ्या प्रकाराशी आहे.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार जिल्ह्याचा आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण करते. गावपातळीवर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी (जुना तलाठी), पोलीस पाटील आणि आशा सेविका यांच्यावर भिस्त असते. बांधकाम परवानगी २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, उद्यानाच्या हद्दीतील रस्ते व गटारे औद्योगिक महामंडळाकडे, आणि विसर्गाचे निर्णय धरणानुसार जलसंपदा विभाग किंवा टाटा पॉवरकडे असतात. हिंजवडी, माण, मारुंजी, जांबे, सांगवडे, गहुंजे यांच्यासह नेरे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे चर्चेत आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा २०२१ चा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. ओढ्यांच्या मूळ वाटा दाखवणारे महसुली गावनकाशे हा नियोजनासाठीचा महत्त्वाचा आधार होय. आजच्या बांधकामांशी ते पडताळून पाहिल्यास अडलेले प्रवाह आणि धोक्यातील वस्त्या ओळखता येतात.